कोणी पेरलं?

बोरकर साहेबांच्या मुलाच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, जेवणाची रांग अडली, ती गजभिये सरांमुळे. मागे माणसं प्लेटा घेऊन ताटकळत उभी, आणि सर भाताच्या पातेल्यासमोर ठाण मांडून वाढप्याला विचारत होते, "हा भात कोणी पेरला?"

वाढप्याला वाटलं भातात काहीतरी सापडलं. तो घाबरला. "मी नाही जी. आचाऱ्यानं केला."

"केला कोणी, ते नाही विचारलं. पेरला कोणी?"

आचारी आला. त्यानं केटरिंगच्या मालकाकडे बोट दाखवलं. मालक आला आणि छाती काढून म्हणाला, "इतवारीतून आणला, सर. एक नंबर माल आहे."

"आणला कोणी, तेही नाही विचारलं."

शेवटी बोरकर साहेब फेटा सावरत धावत आले. "सर, जेवा ना. पाहुणे उभे आहेत मागं."

"जेवूनच राहिलो. विचाराले परवानगी लागते काय?"

मग सरांनी भात घेतला, दोनदा घेतला, नीट जेवले, आणि निघताना मुलीच्या बापाला सांगून गेले की तांदूळ उत्तम होता, पण कोणी पेरला ते या घरात कोणालाच माहीत नाही. बोरकर साहेबांनी ही गोष्ट मनात ठेवली. ती पुढे येणार आहे.

प्रताप नगरातल्या आमच्या लेआउटमध्ये सरांचं घर माझ्या घराच्या अगदी समोर. मी मेस चालवते. जेवायला येणारी मुलं बहुतेक इंजिनिअरिंगची. भूक भरपूर, अक्कल यायची आहे. माझा दिवस कणकेनं सुरू होतो आणि भांड्यांनी संपतो. मला लॅटिन शिकायचं काही कारण नव्हतं. पण सर समोर राहतात म्हटल्यावर ते आलंच, जसं समोरच्या घरचं लग्नाचं गाणं न बोलावता कानावर येतं.

सर ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशातलं भिंग सुटलं नाही. अंगानं काडी, आवाजानं ढोल. आणि आयुष्यात विशेषण एकच. बाकीच्या माणसांना चांगलं, वाईट, महाग, स्वस्त अशी बरीच लागतात. सरांचं एकावर भागतं. ते म्हणजे सतीवस.

"सटायवा नाही," पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं. "सटायवा इंग्रजाचं. रोमन माणूस सतीवा म्हणे. सेरो म्हणजे मी पेरतो. त्याच्यापासून सतुस, पेरलेला. आन् त्याच्यापासून सतीवस. जे आपल्या मनानं रानात उगवलं नाही, कोणीतरी हातानं पेरलं, ते."

मी वांगी चिरत होते. म्हटलं, "बरं."

"बरं काय? पुढं ऐक. विशेषण नामाच्या मागं चालते. पेरलेला मुळा, पेरलेली मेथी, पेरलेलं धान. ला, ली, लं. तसंच सतीवस, सतीवा, सतीवम. इंग्रजीले हे जमत नाही. हिंदीले दोनच जमते. तिन्ही लिंगं आहेत ती रोमनाजवळ आन् आपल्याजवळ."

माझ्या मेसमधला एक मुलगा जर्मन शिकत होता. तो म्हणाला, जर्मनमध्येही तीन आहेत. सर जराही डगमगले नाहीत. "असतील. त्यायले बोलाव, बसू."

घरासमोर, कंपाउंडची भिंत आणि रस्ता यांच्या मधे, सरांनी मातीची एक पट्टी राखली होती. त्यात सांबार, लसूण, मुळा, एका कोपऱ्यात लाखोळीच्या डाळीची रोपं, आणि भिंतीवर चढलेला काकडीचा वेल. (सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरबाहेरच्या वाचकांनी इडली डोळ्यांसमोर आणू नये.) प्रत्येकाजवळ काडीला ऑइलपेंटच्या डब्याचं झाकण ठोकलेलं आणि त्यावर सरांच्या अक्षरात पूर्ण नाव. खुडायला कोणालाही मनाई नव्हती. अट एकच होती, नाव म्हणायचं, आणि शेपूट बरोबर लावायचं. त्यामुळे आमच्या चौकातला ऑटोवाला "राफानस सतीवस" म्हणून मुळा घेऊन जायचा, आणि माझ्याकडे भांडी घासणारी निर्मला लसणाची पात हातात धरून "अलियम सतीवम" असं आरती म्हटल्यासारखं म्हणायची.

फक्त भाजीवाल्या शोभाबाईशी त्यांचं कधी जमलं नाही. लॅटिनात काकडी पुल्लिंगी आहे हे सरांनी तिला तिच्या हातगाडीशी उभं राहून सांगितलं. शोभाबाईनं तराजू खाली ठेवला.

"सर, माही काकडी बाईमाणूस आहे."

"कुकुमिस. पुल्लिंगी. म्हणून सतीवस."

"तुमच्या रोमनाले म्हना, त्याच्या घरी पुरुष ठेव. माह्या गाडीवर काकडीच राहीन. घ्याची आहे का नाही?"

सरांनी अर्धा किलो घेतली.

त्या एका शब्दाची मुळं ते कुठेही शोधत. लग्नाचा सीझन म्हटलं की "सीझन म्हणजे पेरणीची वेळ, त्याच घरचा शब्द". मुलं सेमिनारला निघाली की फाटकात अडवून सांगत, "सेमिनार म्हणजे मुळात रोपवाटिका. तुम्ही तिथं जाऊन समोसे खाता." मुलं हसायची आणि त्यांना सटायवा सर म्हणायची, मुद्दाम, त्यांनी ओरडावं म्हणून.

त्यातल्याच एका दिवट्यानं झाकणांचे फोटो काढून मित्रांना पाठवले. "आमच्या मेससमोर खुलेआम सतीवा." सतीवा म्हटलं की आजच्या मुलांना एकच झाड आठवतं. ते पेरायला बंदी आहे. फोटो फिरत फिरत कुठेतरी पोचला आणि एक हवालदार सरांच्या दारात उभा राहिला. सर इतके खूश झालेले मी पुन्हा पाहिले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आपणहून विचारायला आलं होतं. हवालदाराला पट्टीपाशी उकिडवं बसवलं, भिंग दिलं, चहा दोनदा झाला. तो उठला तेव्हा त्याच्या हातात दोन मुळे होते आणि चेहऱ्यावर परीक्षेतून सुटल्याचा भाव होता. फाटकापाशी थांबून त्यानं विचारलं, "मंग सर, गांजाही बाईच म्हनाव काय?"

"स्त्रीलिंगी. बरोबर. शाब्बास."

मी एकदा त्यांना स्पष्ट विचारलं होतं. "सर, पोट भरलेलं आहे, पेन्शन चालू आहे, मग हे मेलेल्या माणसांचं लॅटिन कशाला?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या आज्याले संस्कृताच्या दारात उभं नाही केलं कोणी. बापानं दीक्षा घेतली, मले कॉलेजात टाकलं. तिथं एक प्रोफेसर मले म्हणे, नावं पाठ करा, तुम्हाले लॅटिन समजून काय करायचं. मी म्हटलं, हे बेस आहे. रोमन मेले. वारस कोणी नाही. या दारावर राखणदारच नाही. मग मी काहून नाही जाऊ?"

आणि गेले. चपला घालून गेले.

आता "कोणी पेरलं" या प्रश्नाबद्दल. लोकांना वाटतं तो सरांचा आहे. तो त्यांचा नाही. तो मालाताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. मालाताई भंडाऱ्याकडच्या. लहानपणी आईबरोबर दुसऱ्यांच्या बांध्यांमधे, म्हणजे भातखाचरांत, वाकून धानाची रोवणी केलेली. लग्न होऊन नव्या घरात आल्या तेव्हा सर दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्यानं वाचत येरझारा घालत होते. ओरायझा सतीवा. सतीवा म्हणजे पेरलेली. मालाताई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"कोणी?" त्यांनी विचारलं.

"काय कोणी?"

"पेरलेली म्हनता. कोणी पेरली, ते नाही लिहिलं काय?"

सरांनी पुस्तक पाहिलं. दुसरं पाहिलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मंग अर्धंच पुस्तक आहे तुमचं," मालाताई म्हणाल्या आणि खडे वेचू लागल्या.

हे मला त्यांनीच सांगितलं, हसून हसून डोळे पुसत. "त्या दिवशी तोंड मिटून राहिली असती, तर सुखात राहिली असती वं कुंदा. आता यायले घेऊन कोणाच्या लग्नात जायची सोय नाही. भात पाहिला की सुरू."

पट्टी खरी त्यांची होती. त्या दोघांत कामाची वाटणी होती. मालाताई पेरायच्या, सर नाव द्यायचे. सरांनी मातीत हात घालायचा नाही, असा मालाताईंचा हुकूमच होता, कारण वनस्पतिशास्त्र शिकवणं आणि वनस्पती उगवणं या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत आणि सरांना एकच मिळाली होती. त्यांच्या हाताखाली तुळससुद्धा जगली नाही.

तीन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता मालाताई गेल्या. आजार थोडक्यात आटोपला. मी तेव्हा सरांकडे डबा पाठवायचे. ते डबा धुऊन परत करायचे आणि आत कधी काही उरलेलं नसायचं. जेवणारा माणूस आहे म्हटल्यावर मी फार काळजी केली नाही.

दसरा झाल्यावर त्यांनी पट्टी खणली. फूटपट्टी घेऊन ओळी आखल्या. अख्खे धणे वीतभर खोल घातले आणि नळाला पाइप लावून पाणी सोडलं, मोटारगाडी धुतल्यासारखं. मी पोळ्या लाटताना खिडकीतून पाहत होते. मग रोज सकाळी ते भिंग घेऊन पट्टीशी उकिडवे बसू लागले. काही आलं नाही. झाकणं मात्र त्यांनी पुन्हा रंगवून आपापल्या जागी लावली होती. रिकाम्या मातीत नुसती नावं उभी.

मला ते पाहवलं नाही वगैरे काही म्हणणार नाही. सकाळी पोळ्यांची घाई असते, आणि समोर एक माणूस तासभर तसा बसलेला दिसला की पोळी करपते. शिवाय मला सांबार रोज लागतो. सर पहाटे फिरायला गेले, तेव्हा मी खुरपं घेऊन रस्ता ओलांडला, त्यांची खोल माती वर केली, धणे रगडून दोन फाकी करून वरच्यावर पेरले, मुळ्याचं बी टाकलं, लसणाच्या पाकळ्या खोचल्या. धणे रगडायचे, हे मला मालाताईंनीच शिकवलेलं.

एक दिवस सर धावत माझ्या स्वयंपाकघरात आले. चपला काढायचंही भान नव्हतं.

"कुंदा! आलं वं! मालूचं आलं!"

मी पोळी उलटवली. म्हटलं, "हो काय? बरं झालं."

तेव्हापासून ते दर हिवाळ्यात येतं. पहिला सांबार निघाला की दुसरा, मग मुळा. सर सगळ्यांना सांगतात, मालूचं आहे. मी पहाटे रस्ता ओलांडते आणि सर यायच्या आत परत येते. आणि ज्या माणसानं हवालदारापासून केटररपर्यंत सगळ्यांना "कोणी पेरलं" विचारून भंडावून सोडलं, त्यानं स्वतःच्या पट्टीसमोर उभं राहून तो प्रश्न एकदाही विचारला नाही.

तर आता गट्टू. आमच्या लेआउटमध्ये माती दिसणं जवळपास बंद झालं आहे. रस्ता सिमेंटचा, रस्त्याच्या कडेला फरशीसारखे बसवलेले सिमेंटचे ठोकळे, म्हणजे गट्टू, गट्टूवर गाड्या. उरली होती ती सरांची पट्टी. यंदा दिवाळीनंतर उरलेल्या जागांसाठी निधी आला. ही पट्टी कागदोपत्री सरांची नाहीच, रस्त्याची आहे. रहिवासी मंडळानं "जागा रिकामी आहे" एवढं म्हटलं की दुसऱ्या दिवशी ट्रॉली येणार. मंडळाचे अध्यक्ष बोरकर साहेब. ते सरांच्या शेजारी राहतात, आणि त्यांच्याकडे नवी मोठी गाडी आली आहे. सचिव मी, कारण दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता.

बैठकीला सर लवकर येऊन पहिल्या खुर्चीवर बसले. विषय निघताच उभे राहिले.

"जागा रिकामी नाही. पेरलेली आहे."

बोरकर साहेब याच वाक्याची वाट पाहत होते. खुर्चीत रेलून म्हणाले, "सर, साऱ्या नागपूरले तुम्ही एक प्रश्न विचारता. माझ्या घरच्या कार्यात रांग अडवून विचारला. आज मी विचारतो. कोणी पेरली?"

लोक हसले. मीसुद्धा हसले असते, खोटं कशाला बोलू.

सर हसले नाहीत. खिशातलं भिंग काढून त्याची काच अंगठ्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "मालूनं."

हसू थांबलं. बोरकर साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांचा आवाज खाली आला, पण ते थांबले नाहीत. "वहिनी जाऊन तीन वर्षं झाली, सर. माझ्या पोराले तुम्हीच शिकवलं ना, मुळा एका हंगामाचा. उपटला की खतम. तुम्ही तर सारेच मुळे वाटून टाकता. मग पुढचे येतात कुठून? तुम्ही पेरत नाही, ते आम्हाले माहीत आहे. कोणीच पेरत नसन, आपोआप येत असन, तर ते तुमच्याच भाषेत सतीवस नाही. गवत आहे. अन् गवतावर गट्टू लावाले कोणाची हरकत?"

युक्तिवाद बिनतोड होता. सरांचाच होता.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते खाली पाहत होते. मुळ्याचं त्यांना बोरकर साहेबांपेक्षा जास्त माहीत होतं, तीस वर्षं तेच शिकवलं होतं. मी "पेरते मी" एवढं म्हटलं असतं तर पट्टी वाचली असती. पण मग मालाताई त्या दिवशी दुसऱ्यांदा गेल्या असत्या.

मी उभी राहिले.

"बोरकर साहेब, मुळा राहते."

"काय?"

"जमिनीत राहते. पेरणाऱ्याचा हात बरा असला, तर तीन वर्षं येते, पाच वर्षंही येते. मी रोज समोरून पाहते. तुमचं लक्ष नसते, तुम्ही गाडी पुसून राहता."

"कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे हे, ताई?"

"पुस्तकात अर्धंच लिहिलेलं असते," मी म्हटलं. "अन् गवताचं म्हणता, तर तुमच्या मुलाच्या साक्षगंधाच्या सकाळी पाहुण्यांच्या सांबारवडीला सांबार कमी पडला, तेव्हा बोरकर वहिनी कुठून खुडून घेऊन गेल्या? विचारा त्यांना. व्याह्यांना गवत खाऊ घातलं काय आपण?"

बोरकर वहिनी मागच्या ओळीत होत्या. त्या म्हणाल्या, "कोरिअँड्रम सतीवम. मी नाव घेऊनच खुडलं होतं, सर." आणि त्यांनी हात वर केला. जागा रिकामी नाही, याच्या बाजूनं पहिला हात बोरकर वहिनींचा. मग निर्मला, मग बायकांची सगळी रांग, मग बायकांकडे बघत त्यांचे नवरे. बोरकर साहेबांनी गाडी कुठे उभी करायची, हा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मी मात्र हातांकडे पाहत नव्हते. शेपूट चुकलं म्हणून ज्यांनी भर रस्त्यात ऑटोवाल्याचा मुळा परत घेतला होता, त्या माणसासमोर मी चारचौघांत धडधडीत खोटं वनस्पतिशास्त्र सांगितलं होतं. सरांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. दुरुस्त करायला तोंड उघडलं, ती त्यांची सवय आहे. मग मिटलं. भिंग खिशात ठेवलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं तर बाहेरच्या ओट्यावर स्टीलची वाटी. तिच्यावर झाकण म्हणून बशी. आत धणे. रगडलेले, एकेकाच्या नीट दोन फाकी. सर फाटकाबाहेर उभे होते, फिरायचे बूट घालून.

"घरात पडून होते," ते म्हणाले. "रगडून ठेवले. मालू म्हणे, अख्खे टाकले की येत नाही."

"मग टाका ना सर. आता दुसऱ्या सांबाराची वेळच आहे."

"नाही वं. माझ्या हातचं नाही येत." ते वाकून बुटाची नाडी आवळू लागले. "मी फिराले जाऊन राहिलो. आज जरा लांब जाईन. तलावापर्यंत. उशीर लागन."

"सावकाश या," मी म्हटलं.

ते निघाले. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात थांबले. ते मागे वळून पाहणार नाहीत हे मला ठाऊक होतं. त्यांनी पाहिलं नाही. मग मी गॅस बंद केला, वाटी उचलली आणि खुरपं शोधायला गेले.